तळपायावरचा हात

१

आमच्याकडे समुद्र डंपरमधून आला, असं बद्रुभाई म्हणतो. अकोला-अमरावती रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे, जिथं आधी तुरीची आणि पऱ्हाटीची वावरं होती तिथं हा लाटांचा तलाव झाला. एका टोकाला उंच भिंत, भिंतीमागं हवेची यंत्रं. दुसऱ्या टोकाला सिमेंटचा उतार आणि त्यावर आणून ओतलेली रेती. यंत्र हवा सोडतं, भिंतीखालच्या जाळीतून पाणी उसळतं, लाट उठते आणि लोक फळीवर उभे राहून तिच्यासोबत रेतीपर्यंत घसरत येतात. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण एसटीचा कंडक्टर सरळ ओरडतो, "चला, समुद्रवाले उतरा!"

मी सुगत. लोकांना फळीवर उभं राहायला शिकवणं हे माझं काम. हसू नका, पण खरा समुद्र मी पाहिला तो ही नोकरी लागल्यावर. कंपनीनं शिकायला कर्नाटकच्या किनाऱ्यावर पाठवलं होतं. तिथला मास्तर एकच गोष्ट घोकून घ्यायचा. आधी वळून मागं बघा, लाट कशी येतेय ते बघा, मग उठा.

ते सगळं शिक्षण इथं पहिल्याच दिवशी वाहून गेलं. आमची वऱ्हाडी माणसं, जन्मात लाट पाहिलेली नाही. मागं वळले की अंगावर येणारं ते पाणी दिसायचं आणि मिशीवाले गडी फळीला मिठी मारून बोंबलायचे, "अबे धर, धर मले!" शेवटी मी आमच्या किसनराव मामाची रीत काढली. मामा चांदूर बाजारकडचा. त्यानं आम्हा सगळ्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, काठावर उभं करायचं आणि मागून हात लावायचा. हात कधी लागणार ते सांगायचं नाही, आणि पोरानं वळून बघायचं नाही. बघितलं तर पाठीत धपाटा. आमच्या भागातली अर्धी माणसं अशीच पोहायला शिकली आहेत.

तेच मी फळीवर आणलं. शिकणाऱ्यानं पालथं पडायचं, नजर समोर रेतीवर. मी मागं कमरेएवढ्या पाण्यात. लाट आली की दोन्ही तळपायांना पंजे लावून ढकलायचं. "मांगं पाहाचं नाही. हात लागला का उठाचं. बाकी काई तुमच्या डोक्यात आनू नका," ही माझी रोजची आरती. आठवड्याभरात लोक उभे राहायला लागले. मॅनेजर माधवी मॅडम तर म्हणाल्या, सुगत, तुमच्या हातात जादू आहे. मी जादूबिदू मानणारा नाही. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, दारावर लिंबूमिरची नाही. आजोबांनी छप्पन साली ते सगळं सोडलं आणि आम्हीही कधी उचललं नाही. पण स्तुती कोणाला कडू लागते?

२

मे महिन्यात अकोल्याचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. चिखलदऱ्याला जाणारी अर्धी गर्दी आमच्याकडे वळली होती. तलावाचं पाणी दुपारपर्यंत कोमट व्हायचं, आंघोळीला काढल्यासारखं.

त्या दिवशी सकाळच्या तुकडीत दामिनी नावाची एक बाई होती. अमरावतीच्या पतसंस्थेत नोकरीला, जिभेनं तिखट. पंधरवडाभर येत होती आणि एकदाही धड उभी राहिली नव्हती. मी रांगेच्या या टोकाला एका जाड्या गृहस्थाच्या पायात अडकलेली फळीची दोरी सोडवत होतो. तेवढ्यात भोंगा झाला, लाट आली. मान वर केली तर पार दुसऱ्या टोकाला दामिनी उभी! हात पसरून, ताठ, थेट रेतीपर्यंत गेली.

परत आली ती हसत. "काय मस्त ढकललं सर आज! रोज असंच ढकलत जा ना."

"मी तर इकडं होतो, मॅडम."

"भाव खाऊन राहिले का सर? दोनी पायाले हात लागला माह्या." मग जरा थांबून म्हणाली, "फक्त हात गरम करून येत जा. बर्फावानी लागले."

मी हसलो. तिच्याशी वाद कोण घालणार? लाट उठते तेव्हा तळाचं पाणी उलटं खेचलं जातं. खालचं पाणी गार असतं, ते पायांना लागलं असेल. सरळ गोष्ट आहे. असं मनाशी ठरवून मी डबा खायला गेलो.

बद्रुभाई आधीच बसला होता. बद्रुद्दीन, अकोल्याच्या कापूस जिनिंगमध्ये आयुष्य काढलेला माणूस, आता भिंतीवरच्या काचेच्या खोलीत बसून लाटा सोडतो. त्यानं माझ्या डब्यातला ठेचा बोटानं चाटला आणि सहज विचारलं, "नवा हेल्पर कवा ठेवला बे?"

"कोनता हेल्पर?"

"सकाळी होता ना तुह्यासंगं. निळा टीशर्ट, तुह्यासारखाच. त्या बाईच्या मांगं वाकून उभा होता. मले नुसती पाठ दिसली. मंग फेस आला."

तो निळा टीशर्ट शिकवणाऱ्यालाच मिळतो, आणि शिकवणारा तिथं मी एकटाच.

"उन्हानं डोळे गेले तुमचे, बद्रुभाई."

"हाव, गेले असतीन," तो म्हणाला. पण जेवताना त्यानं पुन्हा पुन्हा माझ्या टीशर्टकडे पाहिलं, आणि मला उगाच राग आला.

३

सोमवारी तलाव बंद असतो. मी कॅमेरे तपासले. लाटेच्या वेळी काचेवर फवारा बसतो, तेव्हा पांढऱ्या धुराशिवाय काही दिसत नव्हतं. मग बद्रुभाईला घेऊन भिंतीमागं गेलो. तिथं एक अरुंद बोळ आहे, एका बाजूला लोखंडी दारं, प्रत्येक दाराआड हवेची एकेक खोली. यंत्रं बंद होती. बाहेर रखरखीत ऊन आणि आत आमच्या चपलांचा आवाज.

शेवटच्या दाराशी पोचलो आणि मला श्वास ऐकू आला. आत घेतलेला, मग सोडलेला. घाई नाही, दम लागलेला नाही. काठावर उभं राहून कोणी वाट पाहावी, तसा.

"हवा उतरून राहिली," बद्रुभाई म्हणाला.

"हवा उतरते तर नुसती बाहेर येईन ना? आत कशी जाते?"

त्यानं मला बाजूला सारलं. दाराला कान लावला, लगेच काढला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मी दार उघडायला हात घातला तर माझा दंड धरला. "राहू दे, मियाँ. मेकॅनिक पाहीन."

मेकॅनिक आला, त्यानं एक झडप बदलली, श्वास थांबला. झालं! झडप होती. मी बद्रुभाईला दिवसभर चिडवलं. खरं सांगतो, इतकं हलकं वाटलं की येताना मैनासाठी आंबे घेऊन आलो.

मैना माझी मुलगी. सातवीत. लाजरी म्हणावं तर त्याच्याही पलीकडची. वर्गात हात वर करत नाही, सायकलवरून एकदा पडली तर पुन्हा बसली नाही, पाहुणे आले की संध्याच्या पदराआड. संध्या दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणते वयाबरोबर जाईल. पण बापाला धीर कुठं असतो! या एका पोरीनं जगापुढं ताठ उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही मागितलं नाही मी. म्हणूनच सुट्टीत तिला रोज सोबत नेत होतो.

तिनं मागं पाहायचं नाही हे पहिल्याच दिवशी पाठ केलं. मैना सांगितलेलं मोडत नाही.

४

झडप बदलल्यानंतरच्या त्या आठवड्यात मैना उभी राहिली.

काय सांगू तुम्हाला! केस चिकटलेले, ओठ दाताखाली, हात पसरलेले. रेतीला लागली आणि तिथूनच ओरडली, "बाबा! पाह्यलं का?" माझी मैना ओरडली, सगळ्या लोकांसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तलावाचं नव्हतं. घरी येईस्तोवर ती बडबडत होती. दुसऱ्या दिवशी तर बसमध्ये अनोळखी बाईला लाट कशी असते ते समजावून सांगत बसली. संध्या रात्री मला म्हणाली, "तुमी पोरगी बदलून आनली का जी?"

पुढं जे झालं, त्याच्या आधीच तिला पाण्याबाहेर काढायला पाहिजे होतं हे मला समजत नव्हतं असं नाही. पण ती हसायला लागली होती हो.

दुपारची वेळ, गर्दी कमी. मैना फळीवर, मी तिच्या मागं. भोंगा झाला. लाट भिंतीपासून निघाली, माझ्या पाठीला पाणी चढल्याचं कळलं, फेस आला, आणि मी रोजच्यासारखे दोन्ही पंजे तिच्या तळपायांकडे नेले.

ते तळपायांवर पडलेच नाहीत. ते हातांवर पडले. मैनाच्या पायांना आधीच दोन हात लागलेले होते आणि माझे पंजे त्यांच्या पाठीवर बसले. गार, पाण्यात फार वेळ राहून सुरकुतलेली कातडी, खाली चार हाडांचे उंचवटे. मी बोटांनी चाचपले. माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, मी ते हात चाचपले. मग ते माझ्या पंज्यांखालून पुढं गेले, नेटानं आणि अगदी जपून, आणि मैना निघाली.

फेस ओसरला तेव्हा पुढं पाणी होतं. नितळ, तळ दिसणारं. काहीही नव्हतं.

मैना रेतीवर उभी राहून हात हलवत होती. वर पाहिलं, काचेच्या खोलीत बद्रुभाई उभा होता आणि दोन्ही हातांनी मला खूण करत होता, बाहेर ये, बाहेर ये.

मी मैनाला उचललं, कपडेही न बदलता बस धरली. वाटेत बद्रुभाईचा फोन आला. "आज मले तुमी दोघं दिसले," एवढंच म्हणाला. "कोनता तू, ते मले कळलं नाही, सुगत. माफ कर. पोरगीले आनू नको." मग म्हणाला की तो नोकरी सोडतोय.

५

घरी मैना जिन्यावरून लंगडत चढली. संध्यानं तिचे पाय मांडीवर घेतले.

दोन्ही तळपायांना टाचेपासून वरपर्यंत पांढऱ्या सुरकुत्या पडल्या होत्या. मधोमध, पंजाएवढ्या जागेत. बाकी पाय कोरडे.

"पान्यात लई राहिली," संध्या म्हणाली. "जाईन उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्यानं मलम लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी मले काई सांगून नाही राहिले."

मग सांगितलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. ती भांडं विसळता विसळता थांबली. मला वाटलं हसेल, किंवा म्हणेल, असं बोलताना लाज नाही वाटत, आपण काय माणसं आणि हे काय. मी तर ते ऐकायला आतुर होतो. पण ती म्हणाली, "परवा सकाळी तुमी माह्या मांगून आले, खांद्यावर हात ठेवला, अन् काई न बोलता गेले. मी गॅसपाशी होती. आठवते?"

"कधी?"

"मी म्हटलं, हात काहून एवढे गार तुमचे."

तिनं हातातलं भांडं पालथं घातलं. शेवटी ती म्हणाली, थकलात तुम्ही, सुट्टी घ्या. मी घेतली. तिनंही मैनाला किसनराव मामाकडं चांदूर बाजारला पाठवायचं ठरवलं. शनिवारी संध्याची दवाखान्यातली पाळी दुपारी संपणार, मग तिघांनी निघायचं. मैना रडली नाही, पण बोलणंच बंद केलं. पुन्हा पहिल्यासारखी कोपऱ्यात बसायला लागली. ते पाहून आतडं तुटायचं माझं. वाटायचं, उगाच घाबरलो का मी? झडपच होती का ती? माणसाचं डोकं म्हणजे भारी वकील असतं, कोणतीही बाजू मांडून देतं.

६

शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात पिशव्या भरत होतो. समोरच्या खोलीत कूलर चालू होता. त्या घरघरीतून मला 'थप्' असा आवाज आला. मग पुन्हा थप्. फळीवर उठताना पाय टेकतात, तो आवाज.

दाराशी आलो. मैना माझ्याकडे पाठ करून सतरंजीवर पालथी पडली होती. तळवे छातीपाशी, मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. सराव करत होती बिचारी. मला तिची इतकी माया आली. म्हटलं, करू दे. चार वाजता निघायचंच आहे.

मग पाहिलं की ती थांबली आहे. श्वास धरून, वाट पाहत.

तिच्या तळपायांची कातडी दबली. टाचेकडून वर, दोन्ही पायांची एकदम. बोटं जिथं टेकावीत तिथं पाच-पाच खळगे पडले. सतरंजी मागच्या बाजूनं चुरगळली, कोणी गुडघे रोवावेत तशी. आणि मैना फरशीवरून सतरंजीसकट पुढं सरकली. तिचं हसू मला मागूनही कळलं.

मी धावत वळसा घालून तिच्यापुढं गुडघ्यांवर बसलो आणि तिची मनगटं घट्ट धरली.

"बाबा?" ती दचकली. भुवया आकसल्या. "तुमी... पन तुमी तर मांगं..."

"मैना, मी इथं हाय. मांगं पाह्य."

"मांगं नाही पाहाचं."

"मी सांगतो ना! मीच सांगतलं होतं, मीच आता सांगतो. पाह्य मांगं, बेटा."

पलीकडून रेटा वाढला. माझ्या हातांना तो तिच्या हाडांमधून जाणवत होता. राकट नव्हता. मीही तिला असाच ढकलत असे, एवढ्याच जोरानं.

मैनानं मान वळवली. पहिल्यांदाच. खूप वेळ ती मागं पाहत राहिली. मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. त्यावरची भीती हळूहळू निवळली, गाल सैल झाला, आणि ती अशी हसली की माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, कोणी नाही. दिसलं तिला, कोणी नाही.

मग ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा पाहिला, मनगटांवरचे माझे हात पाहिले. हसू गेलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड मागं फिरवलं, "बाबा, हे कोन हाये?"

"मैना, अगं मी—"

"सोडा मले! बाबा! बाबा, या मानसाले सांगा ना, सोडा म्हना!"

ती हात हिसडत होती, पाय झाडत होती. माझ्या बोटांखाली तिची मनगटं लाल झाली. मी तिचं नाव घेत होतो, तिच्या जन्माची गोष्ट सांगत होतो, काय काय बोललो देव जाणे, म्हणजे कोणीच न जाणे. तिला ते काही ऐकू जात नव्हतं. अनोळखी माणसानं भर दुपारी घरात शिरून धरल्यावर पोरगी जशी ओरडेल तशी ती ओरडत होती, आणि मदतीला मलाच बोलावत होती. मनगटाचं हाड कट्कन वाजलं. माझ्याच्यानं धरवलं नाही. मी सोडलं.

ती रांगत उठली आणि मागं पळाली, रिकाम्या खोलीच्या मध्यावर. तिथं तिनं डोकं टेकलं. हवेला. सगळा भार टाकून, पायांच्या चवड्यांवर, आणि ती पडली नाही. तिच्या केसांवर वरून काहीतरी दबलं आणि हळू हळू मागं गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा मागं गेलं. तिचे हुंदके कमी होत गेले. केस ओले होऊन तिच्या पाठीला चिकटले होते.

मी दोन वेळा तिला हाक मारली. दुसऱ्या वेळी तिनं त्या खांद्यात तोंड आणखी खुपसलं.

बाहेर जिन्यावर चपला वाजल्या. संध्या आली होती. दार उघडायला मी उठलो नाही, कारण तिच्याकडेही किल्ली असते. किल्ली कुलपात फिरली आणि दार ढकललं गेलं, तोवर मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो, की संध्यानं आधी माझ्याकडे पाहावं.

ती दारात उभी राहिली. पर्स खांद्यावरून उतरवत तिनं खोलीच्या मध्यावर पाहिलं आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "काहून रडून राहिली जी ही? आन दार आतून काहून नव्हतं लावलं तुमी?" मग तिची नजर भिंतीपाशी बसलेल्या माझ्यावर आली, आणि तिनं किंचाळून मैनाला जवळ ओढायला हात पुढं केला. मैनाला आणि तिच्याजवळ जो उभा होता त्याला.